एमएस२ चे ठिपके दिसले, म्हणजे एमआरएनए दिसला असं नाही

लॅबमध्ये नवीन आलेल्या दोघींनी एकाच आठवड्यात विचारलं, ताई ठिपके दिसतायत, आता मोजायला घेऊ का? म्हणून हे लिहितेय.

एमआरएनए, म्हणजे प्रोटीन बनवण्यासाठी जीनवरून निघालेली आरएनए प्रत, जिवंत पेशीत बघायची तर जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रोटीन वापरतात, पण ते स्वतःहून आरएनएला चिकटत नाही. म्हणून एमएस२ नावाच्या बॅक्टेरियोफेजची (बॅक्टेरियाला लागणाऱ्या व्हायरसची) आयडिया वापरतात, त्याचं कोट प्रोटीन, म्हणजे कवचाचं प्रोटीन, एका ठराविक आरएनए हेअरपिनला (स्वतःवरच दुमडलेल्या आरएनएच्या तुकड्याला) घट्ट धरतं. आपल्या जीनच्या स्टॉप कोडॉननंतर असे २४ हेअरपिन जोडायचे आणि पेशीत कोट प्रोटीन-जीएफपी (दोन्ही जोडलेलं एकच प्रोटीन) बनवायचं, एका हेअरपिनवर दोन प्रोटीन बसतात म्हणजे जास्तीत जास्त ४८ जीएफपी एका जागी येतात, आणि एकेक एमआरएनए ठिपक्यासारखा चमकतो. १९९८ मध्ये रॉबर्ट सिंगर यांच्या ग्रुपने यीस्टमध्ये एएसएच१ या जीनचा एमआरएनए कळीच्या टोकाकडे जाताना असाच दाखवला, आणि खरं सांगते, अशी मूव्ही पहिल्यांदा स्वतःच्या स्क्रीनवर दिसते तेव्हा रात्री घरी जावंसं वाटत नाही.

मी पण यीस्टवरच होते. चार महिने मूव्ही काढल्या, ठिपके मोजले. मग दोन रंगांचं फिश (FISH) केलं, म्हणजे ठराविक आरएनएला जुळून चिकटणारे चमकणारे डीएनए तुकडे, प्रोब, लावले, एक प्रोब जीनच्या भागावर, एक हेअरपिनवर, तर बरेच ठिपके फक्त हेअरपिनचे निघाले! म्हणजे एमआरएनए कधीच तुटला होता, पण कोट प्रोटीन इतकं घट्ट बसलेलं की ५ प्राइमकडून, म्हणजे एमआरएनएच्या सुरुवातीच्या टोकाकडून, खात येणारं एन्झाइम तिथेच अडलं आणि शेपटाचा तुकडा तसाच चमकत राहिला. गार्सिया आणि पार्कर यांनी २०१५ मध्ये हेच दाखवलेलं, मी ते आधी नीट वाचायला हवं होतं. शेवटी सगळं एमएस२-व्ही६ या सुधारलेल्या हेअरपिनवर परत केलं, त्यात पकड मुद्दाम सैल ठेवलीय, २०१८ चं काम आहे.

क्लोनिंगमध्ये हेअरपिन गळतात, सारखेच सिक्वेन्स असल्यामुळे ई. कोलाय ते कापून टाकतो, तेव्हा एसटीबीएल३ सारखे, असे सिक्वेन्स कमी गाळणारे ई. कोलाय सेल घ्या, ३० डिग्रीला वाढवा, आणि प्रत्येक मिनीप्रेपनंतर (बॅक्टेरियातून प्लास्मिड डीएनए काढल्यावर) तो एन्झाइमने कापून, म्हणजे डायजेस्ट करून, हेअरपिनच्या भागाची लांबी बघाच. एडीई२ (ॲडेनिन बनवायला लागणारा जीन) बिघडलेला म्युटंट यीस्ट स्ट्रेन असेल तर मीडियात ॲडेनिन जास्त घाला, नाहीतर तो गुलाबी पिगमेंट स्वतःच चमकतो. हेअरपिन नसलेल्या स्ट्रेनमध्ये नुसतं कोट प्रोटीन-जीएफपी घालून बघणं तर पहिल्याच दिवशी, तिथे ठिपके दिसले तर पुढे जाऊच नका.

आणि फिशचे प्रोब यायला वेळ लागतो, क्लोनिंग चालू असतानाच ऑर्डर टाकून ठेवा.