गणपतीला गावी जाताय? आरतीच्या आधी विहिरीत डोकावा

परळ-लालबागपासून विरार-डोंबिवलीपर्यंत आपण सगळे चाकरमानी मुंबईत नळाचं पाणीसुद्धा प्युरिफायरमधून काढून पितो, आणि कोकणात गावी उतरलो की दहा महिने कोणी न बघितलेल्या विहिरीत कळशी सोडून वर म्हणतो, काय गोड पाणी! मी पण हेच करायचो. दोन वर्षांपूर्वी गौरी जेवायच्या दिवशी आमच्या घरात सात जणं आडवी झाली तेव्हा अक्कल आली. तात्याला म्हटलं पाणी तपासूया, तर म्हणतो, "इतकी वर्सां ह्याच पाणी पितंव, कोण मेलो काय?"

तर आता काय करायचं ते सांगतो.

पोचल्यावर पहिलं काम, विहिरीभोवती एक चक्कर मारा. कठडा गुडघ्याच्या वर, साधारण अडीच फूट पाहिजे, आजूबाजूला निदान एक मीटर पक्का ओटा पाहिजे आणि सांडलेलं पाणी लांब जायला गटार. ओट्याला भेग असेल तर धुण्याभांड्याचं पाणी तिथूनच परत आत जातं, एक पाटी सिमेंटचं काम आहे, पण वर्षानुवर्षं राहतं. कपडे कठड्याला टेकून धुवायचे नाहीत, हे काकीला सांगायची हिंमत तुमची तुम्ही करा.

मग शौचखड्डा कुठे आहे ते बघा. पुस्तकी अंतर १५ मीटर, म्हणजे ५० फूट, आणि खड्डा विहिरीच्या खालच्या अंगाला. पण आपल्याकडे जांभा आहे, भोकाभोकांचा दगड, त्यातून पाणी गाळलं न जाता सुसाट पळतं, म्हणून जितकं लांब नेता येईल तितकं न्या. आणि फक्त आपल्या सर्व्हे नंबरपुरतं बघून उपयोग नाही. हल्ली वरच्या अंगाला सगळ्यांचे बंगले झालेत, प्रत्येक खोलीला ॲटॅच बाथरूम, आणि शोषखड्डा बरोब्बर खालच्या भावकीच्या विहिरीच्या डोक्यावर. बंगला बांधणारे आपणच, मुंबईचे.

आता टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर. गावात लोक अंदाजाने ओततात, मग पाण्याला वास मारतो आणि सगळे नावं ठेवतात. हिशोब सोपा आहे. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, दोरीला दगड बांधून पाणी किती खोल ते मोजा, मग व्यास गुणिले व्यास गुणिले खोली गुणिले ७८५, आले लिटर. ३ मीटर व्यास आणि ५ मीटर पाणी असेल तर ३५ हजार लिटर झाले. चांगल्या ताज्या पावडरीला दर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम, म्हणजे इथे ९० ग्रॅमच्या आसपास. प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात पेस्ट करा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा, दहा मिनिटं ठेवा, चुना खाली बसतो, वरची निवळी दुसऱ्या बादलीत काढून ती विहिरीत सोडा आणि बादली वरखाली करून पाणी हलवा. खालचा चुना आत टाकू नका. रात्री सगळ्यांचं पाणी भरून झाल्यावर करा. निदान तासभर कोणी पाणी काढायचं नाही. नाकाला फडकं बांधा, आणि वर्षभर उघडी पडलेली पिशवी वापरू नका, तिच्यात दम उरलेला नसतो. पाणी गढूळ असेल तर टीसीएलचं काम अर्धवट होतं, तेव्हा पिण्याचं गाळून उकळाच.

टेस्टिंगबद्दल थोडक्यात. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्ह्याच्या लॅबमध्ये होतं. जंतूंसाठी त्यांच्याकडूनच निर्जंतुक बाटली घ्या, नमुना बर्फात ठेवून २४ तासांत पोचवा, म्हणून तो तुतारी एक्सप्रेसने मुंबईला आणायच्या भानगडीत पडू नका. ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारे जंतू, १०० मिलीमध्ये शून्यच पाहिजे. जंतूंची टेस्ट पावसात आणि क्षारांची मे महिन्यात केलेली बरी, पाणी तळाला गेलं की क्षार वाढतात. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत उत्तम, नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर नको. ऑनलाइन मागवलेला टीडीएस मीटर जंतू दाखवत नाही हो, १२० आकडा बघून खूश होऊ नका.

खाडीकाठच्या किंवा किनाऱ्यावरच्या मंडळींनी पंप बेतानेच चालवा. तिथे गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं, वरून उपसाल तसं खालून खारं वर चढतं, आणि एकदा चढलं की लवकर उतरत नाही. थोडं थोडं, मध्ये विश्रांती देऊन काढा. आणि मे महिन्यात विहीर आटली म्हणून हातावर नारळ उभा करून पाणी दाखवणाऱ्याला बोलावून बोअर मारायच्या आधी भूजलवाल्यांना विचारा. नारळ आमच्याकडे पण उभा राहिला होता, २८० फुटांवर नुसती धूळ निघाली.

पावसात छपराचं पाणी विहिरीत सोडायचं फॅड आलंय. आपल्याकडे जुलैत विहीर तशीच तुडुंब असते, जांभा ते पाणी दिवाळीपर्यंत सोडून देतो. त्यापेक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, धार असतानाच वनराई बंधारा घाला, मातीने भरलेल्या गोण्या एकावर एक, दहा माणसं असली तर एका दिवसाचं काम. दिवाळीची रजा दोन दिवस वाढवा. रिकाम्या गोण्या मुंबईहूनच न्या, तेव्हा गावात मागितल्या तर भातासाठी लागतात म्हणून कोणी देत नाही.