या चुका टाळा: मोफत महोत्सवाचं माहितीपत्रक लिहिताना

परिसरातल्या मोफत महोत्सवाचं माहितीपत्रक लिहायचं काम बहुतेक वेळा शेवटच्या आठवड्यात एखाद्या नव्या स्वयंसेवकाच्या गळ्यात पडतं. तो गेल्या वर्षीची फाईल उघडतो, तारीख बदलतो आणि ग्रुपवर टाकून मोकळा होतो. या घाईचा त्रास येणाऱ्यांना होतो, आणि तो दरवर्षी बघणं मला जड जातं.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे नुसती तारीख छापणं. वार नाही, वर्ष नाही. एका वर्षी महोत्सव संपल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही मांडव सोडत होतो. दुपारी एक गृहस्थ व्हीलचेअरवर आईला घेऊन फाटकाशी आले, दोन बस बदलून. मोबाईलवर पोस्टर आमचंच होतं, पण आदल्या वर्षीचं. कुणीतरी पुढे पाठवलेलं. आजींच्या मांडीवर चष्म्याची डबी होती. नाच नीट दिसावा म्हणून लांबचा चष्मा मुद्दाम आणला होता. "मग आज काहीच नाही का?" एवढंच त्यांनी विचारलं.

हे का झालं ते बघा. आमचा कार्यक्रम ठरावीक रविवारी असतो. तोच रविवार पुढच्या वर्षी बहुतेक वेळा एक तारीख अलीकडे येतो, मध्ये २९ फेब्रुवारी आली तर दोन. जुनं पोस्टर म्हणूनच फसवतं: तारीख जवळपास बरोबर दिसते. वार आणि वर्ष दोन्ही छापलं असतं तर त्या गृहस्थांना घरीच शंका आली असती. मी आता तारीख, वार आणि वर्ष एकाच ओळीत, एकाच आकारात लिहितो. डिझाइन करणाऱ्याने "वर्ष काढू का, जागा नाही" म्हटलं तर चित्र लहान करायला सांगतो.

त्याच दिवशी दुसरी चूकही कळली. आजींना पाणी द्यायला आत घेताना फाटकाच्या दोन पायऱ्या आडव्या आल्या. त्यांवर दीडेक मीटरची फळी टाकून आम्ही पत्रकात "व्हीलचेअरची सोय आहे" असं लिहिलं होतं. उताराचं सर्वमान्य प्रमाण एकास बारा आहे. ३० सेंटिमीटर चढायचं तर ३.६ मीटर लांब उतार लागतो. आजींच्या मुलाने आणि मी खुर्ची उचलून वर घेतली. तेव्हापासून पत्रक लिहिण्याआधी मी रिकामी व्हीलचेअर ढकलत बसथांब्यापासून रंगमंचापर्यंत आणि तिथून स्वच्छतागृहापर्यंत जातो, आणि जे दिसतं तेच लिहितो: "पुढच्या फाटकाला दोन पायऱ्या, मागच्या दाराने सपाट रस्ता." "सोय आहे" हे दोन शब्द मी पत्रकात येऊच देत नाही. "पार्किंगची सोय आहे" हेसुद्धा नाही. गाड्या किती मावतात ते लिहा, किंवा बसने या म्हणून सांगा.

"मोफत" म्हणजे नक्की काय मोफत, तेही सांगा. प्रवेश मोफत आणि कार्यशाळेला शुल्क असेल तर दोन्ही शेजारी-शेजारी छापा; लहान मुलासमोर आईवडिलांना पाकीट चाचपायला लावू नका.

"शनिवारी रात्री १२ पर्यंत" असं लिहू नका; शनिवार सुरू होतानाचे बारा की संपतानाचे, ते कळत नाही. ११:५५ लिहा.

क्यूआर कोड फाटकावर लावताना अंतर मोजा. कोडची रुंदी अंतराच्या साधारण एक-दशांश हवी. तीन मीटरवरून स्कॅन करायचा तर ३० सेंटिमीटर. आणि सगळी माहिती कोडमागे दडवू नका. गर्दीत नेटवर्क अडतं, पान उघडत नाही. फोन लागला नाही तरी साधा एसएमएस बऱ्याचदा पोहोचतो, पण त्याचीही खात्री नाही; म्हणून चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ती जागा छापील नकाशावर ठळक दाखवा. जागा अशी निवडा की ती मुलालाही सांगता येईल: घड्याळाखाली, मोठ्या झाडापाशी. "माहिती कक्ष क्रमांक २" सहा वर्षांच्या मुलाच्या लक्षात राहत नाही.

पत्रक तयार झालं की मी ते मैदान कधीच न पाहिलेल्या कुणाला तरी फोनवर वाचून दाखवतो. ऐकणारा जिथे "म्हणजे कुठून?" विचारतो, ती ओळ पुन्हा लिहितो. अर्धा तास जातो. नव्या मंडळींना तो फुकट गेल्यासारखा वाटतो, पण हाच अर्धा तास मी कधी सोडत नाही.

पावसाचंही लिहा. "हवामानानुसार बदल होऊ शकतो" एवढ्याने कुणाला काही कळत नाही. निर्णय सकाळी नऊला फाटकावर आणि ग्रुपवर लावू असं छापा, आणि नऊला लावा.