यांत्रिक शोधाचे दावे लिहिताना

फर्मागुडीच्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयातून मेकॅनिकलची पदवी घेऊन मी पेटंटच्या कामाकडे वळलो, तेव्हा ड्रॉइंग वाचता येते म्हणजे अर्धे काम झाले, असे मला वाटत होते. प्रत्यक्षात दावा, ज्याला आम्ही रोजच्या बोलण्यात क्लेम म्हणतो, हे ड्रॉइंगचे वर्णन नसते. पेटंट कायदा १९७० च्या कलम १० प्रमाणे संपूर्ण विनिर्देशाच्या, म्हणजे शोधाचे वर्णन करणाऱ्या लेखी दस्तऐवजाच्या (स्पेसिफिकेशनच्या) शेवटी दावे येतात आणि संरक्षणाची हद्द तेच आखतात. वर्णनात चार पाने खर्च करून समजावलेली गोष्ट दाव्यात आली नाही, तर तिच्यावर हक्क सांगता येत नाही. उलट दाव्यात नकळत शिरलेला एखादा जास्तीचा शब्द हद्द आत ओढतो, आणि माझी पहिली मोठी चूक याच प्रकारची होती.

फोंडा तालुक्यातील एका वर्कशॉपमालकांनी नारळ सोलण्याचे यंत्र बनवले होते. काटे असलेले दोन रोलर एकमेकांच्या विरुद्ध दिशेने फिरून सोडण, म्हणजे नारळावरचे तंतुमय साल, ओढून काढतात, ही कल्पना जुनीच होती. नवे होते ते एवढेच, की एक रोलर झुलत्या चौकटीवर बसवला असल्यामुळे नारळ लहान असो वा मोठा, मधली फट आपोआप कमी-जास्त होत असे. मी पहिल्याच दाव्यात ‘चौकटीच्या दोन्ही बाजूंना जोडलेल्या दोन कॉइल स्प्रिंग’ असे लिहून टाकले, कारण समोरच्या ड्रॉइंगमध्ये त्या दोन स्प्रिंग होत्या. दोन पावसाळ्यांनंतर ते म्हणाले, ‘‘सर, आमच्या हवेत स्प्रिंगा गंजतात, म्हणून मी आता मागे वजन टांगलं आहे.’’ यंत्र तेच, नावीन्य तेच, परंतु दाव्यातील स्प्रिंग मात्र यंत्रात उरली नव्हती. कलम ५९ प्रमाणे दुरुस्ती करताना दावा आधीच्या हद्दीच्या आतच ठेवावा लागतो. तो अरुंद करता येतो, रुंद करता येत नाही. शिवाय वर्णनातही स्प्रिंगशिवाय दुसरा पर्याय मी लिहिला नव्हता.

तेव्हापासून मी दाव्यातील प्रत्येक नामावर बोट ठेवून विचारतो, की हा भाग काढला किंवा बदलला तर शोध शिल्लक राहतो का? राहत असेल, तर तो शब्द पहिल्या दाव्यात नको. ‘चौकटीला दुसऱ्या रोलरकडे सतत ढकलणारा घटक’ असे पहिल्या दाव्यात लिहावे, स्प्रिंग दुसऱ्या दाव्यात आणि वजन तिसऱ्यात घ्यावे, म्हणजे पहिला दावा पेटंट कार्यालयाच्या परीक्षकासमोर टिकला नाही तरी मागे सरकायला जागा राहते. दाव्यांची संख्या दहाच्या वर गेली की प्रत्येक दाव्यासाठी जादा शुल्क पडते, हेही लक्षात असू द्यावे.

रुंदीचाही मोह वाईट असतो. कलम ३(एफ) प्रमाणे माहीत असलेली साधने नुसती शेजारी मांडली आणि प्रत्येक साधन आपले जुनेच काम स्वतंत्रपणे करत राहिले, तर तो शोध ठरत नाही. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या १९७८ च्या निकालात लेथवर भांडी पकडण्याच्या साधनाचे पेटंट सर्वोच्च न्यायालयात टिकले नाही. साधी कारागिरीची सुधारणा पुरेशी नाही, हे तिथे स्पष्ट झाले. यंत्राच्या कामात उतरणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल मुळातून वाचावा.

सरावासाठी मी नवशिक्यांना घरातली खवणी देतो. ‘पाट, दांडा आणि दातेरी पाते असलेली खवणी’ ही सामानाची यादी झाली. ‘खवणी, जिच्यात एक पाट, त्या पाटाच्या एका टोकाला खालच्या बाजूने घट्ट बसवलेला दांडा, आणि त्या दांड्याच्या मोकळ्या टोकाला बिजागरीने असे जोडलेले दातेरी पाते, की ते दुमडल्यावर त्याचे दाते पाटाच्या खाचेत झाकले जातात’ हा दावा होऊ शकतो, कारण कोण कोणाला कसे जोडले आहे आणि त्याने काय साधते, हे त्यात दिसते. अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत करावा लागतो, तरी मी अजून आधी मराठीतच अशी जोडणी लिहून काढतो. मराठीत उपपदे नाहीत, त्यामुळे आपल्या मुलांकडून इंग्रजीत एक चूक हमखास होते: भाग पहिल्यांदा येताना ‘अ’ आणि नंतर प्रत्येक वेळी ‘द’ किंवा ‘सेड’ हवे, ते निसटते. पहिल्यांदा न सांगितलेल्या भागाला ‘द’ लागला, की परीक्षक दावा संदिग्ध आहे असा आक्षेप घेतो. तसेच ‘कम्प्रायझिंग’ लिहिले तर जादा भाग असलेले यंत्रही हद्दीत येते, ‘कन्सिस्टिंग ऑफ’ लिहिले तर दार बंद होते.

मोजमापाचे शब्द जपून वापरावेत. ब्रिटनमधील कॅटनिक खटल्यात पोलादी लिंटेलचा (दार-खिडकीवरच्या आडव्या तुळईचा) मागचा भाग ‘उभा’ असल्याचे दाव्यात होते आणि प्रतिस्पर्ध्याने तो काटकोनातून सहा ते आठ अंश कलता ठेवला होता. निकाल पेटंटधारकाच्या बाजूने लागला खरा, पण एका शब्दासाठी हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत जावे लागले.

पेटंट एजंटच्या परीक्षेसाठी विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते, आणि तिचा दुसरा पेपर विनिर्देश व दावे लिहिण्याचाच असतो. गोव्यातील अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या अधिकारक्षेत्रात येतात.

नारळाच्या त्या यंत्रासाठी आम्ही कलम ५४ खाली पुरवणी पेटंटचा, म्हणजे मूळ शोधातील सुधारणेसाठीच्या पेटंटचा, अर्ज केला. वजनाचे यंत्र त्यांनी अजून विकलेले नव्हते, म्हणून ते शक्य झाले. अशा पेटंटला मूळ शोधाच्या तुलनेत कल्पकतेची पायरी (इन्व्हेंटिव्ह स्टेप, म्हणजे जाणकाराला सहज न सुचणारी भर) नाही, एवढ्याच कारणावरून नकार देता येत नाही. नावीन्य मात्र मूळ विनिर्देश धरून तपासले जाते. त्यामुळे ‘ढकलणारा घटक’ हा रुंद शब्द या वेळी घालता येत नव्हता, कारण आमचीच जुनी स्प्रिंग आड आली असती. अर्ज लिहिण्यापूर्वी मी पूर्ण दिवस वर्कशॉपमध्ये बसलो आणि ओतीव लोखंडाचे वजन मिळाले नाही तर काय कराल, असे विचारले. त्यांनी पाइपचा एक तुकडा घेऊन त्यात वाळू भरली, आणि मग मोठ्या नारळांसाठी पाण्याचा डबा टांगून पाणी कमी-जास्त करून दाखवले. दाव्यात ‘भुजेवर टांगलेला भार’ एवढेच लिहिले. लोखंड, वाळू आणि पाण्याचा डबा हे तिन्ही वर्णनात घातले.