बाळाला ब्रॉन्किओलायटिस झालाय आणि डॉक्टर म्हणाले घरीच सांभाळू, तर काय काय करायचं

दिवाळी उलटली की पेपरात निफाडचा पारा यायला लागतो आणि इकडे नाशकात पेडियाट्रिशियनकडे वर्षाच्या आतल्या पोरांची गर्दी. बऱ्याचदा कारण आरएसव्ही नावाचा व्हायरस असतो. आधी साधी सर्दी, मग छातीतल्या बारीक नळ्या सुजतात, चिकट होतात (हाच ब्रॉन्किओलायटिस), आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवशी त्रास सगळ्यात जास्त. म्हणून दुसऱ्या दिवशी बाळ बरं दिसलं तरी निवांत होऊ नका.

घरी ठेवायचं की नाही हे डॉक्टरांनी बाळाला तपासून, ऑक्सिजन बघूनच ठरवायचं. तीन महिन्यांच्या आतलं, दिवस भरायच्या आधी जन्मलेलं किंवा हार्टचा प्रॉब्लेम असलेलं बाळ असेल तर हट्ट करू नका, ॲडमिट करा. आणि पेठ-सुरगाण्याकडे राहत असाल, रात्री घाटातून यायचं असेल, तर दोन-चार दिवस शहरात नातेवाइकांकडे राहिलेलं बरं.

आता मेन काम म्हणजे नाक. लहान बाळ नाकानेच श्वास घेतं, त्यामुळे नाक चोंदलं की दूध ओढताच येत नाही. पाजायच्या आधी नाकात सलाइनचे (मिठाच्या पाण्याचे) थेंब, मिनिटभर थांबायचं, मग नाक साफ करायच्या रबरी बल्बने हलक्या हाताने ओढायचं, पण दिवसभर ओढत बसू नका, आतून सूज वाढते. दूध थोडं थोडं आणि जास्त वेळा. नेहमीच्या निम्मंच पितंय किंवा बारा तासांत लंगोट ओली नाही, तर फोन करत बसू नका, घेऊन जा.

श्वास मोजायचा तो झोपेत किंवा शांत असताना, अंगातलं वर करून, मोबाइलवर पूर्ण साठ सेकंद लावून. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, बाळांचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त असेल तर डॉक्टरांना कळवा. आकडा, दूध, शू सगळं वहीत वेळेसकट लिहा, नर्स किंवा डॉक्टर आले की ती वहीच आधी बघतील.

मोठ्यांचा बोटाचा ऑक्सिमीटर बाळाला चालत नाही हां, पायाला लावायचा छोटा प्रोब (सेन्सर) मागा. ऑक्सिजनचं मशीन घरी दिलं असेल तर किती लिटर ते डॉक्टर सांगतील तेवढंच, आपल्या मनाने वाढवायचं नाही. लाइट गेली तर काय, हे आधीच विचारून बॅकअपला सिलेंडर ठेवा. आणि त्या खोलीत दिवा, उदबत्ती, गॅस, सिगारेट काही म्हणजे काही नाही.

इथे आजीशी वाजणार! आंघोळीनंतर ओवा-शेपांची धुरी आपल्याकडे हमखास असते, पण या आजारात धूर म्हणजे सुजलेल्या नळ्यांवर अजून त्रास, तेव्हा थोडे दिवस धुरी बंद. वर्षाच्या आत मध नाही, कापराचा बाम नाही, उकळत्या पाण्याची वाफ नाही (भाजतं). खोकल्याचं सिरपही नाही. व्हायरस आहे म्हटल्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नाही, आणि शेजारणीचं नेब्युलायझर (औषधाची वाफ देणारं मशीन) आणून मनाने औषध देणं तर नकोच, दम्याची ती औषधं इथे सहसा काही करत नाहीत.

बाळाचं पोट उडतंय, बरगड्यांखाली खड्डा पडतोय, दर श्वासाला कण्हतंय, ओठ निळे-काळसर, एकदम गळून गेलंय किंवा श्वास मध्येच थांबतोय, तर थेट १०८ लावा. फुकट असते. वाट बघत सकाळ करू नका.

त्रास उतरला तरी खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो, बाळ पीत असेल, खेळत असेल तर औषध बदलत फिरू नका. बालवाडीतून आलेल्या मोठ्या पोराला मात्र आधी साबणाने हात धुवायला लावा, मगच बाळाजवळ.