गाण्याच्या बैठकीसाठी जागा कशी बघावी

गायक ठरले, तारीख ठरली, आता एखादा हॉल बघायचाय, असा फोन आला की मी आधी विचारते, ऐकायचं काय आहे? शास्त्रीय गाण्यात प्रत्येक रागाची वेळ ठरलेली, त्यामुळे कोणता राग कानावर पडणार हे बऱ्याचदा जागाच ठरवते. उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिवर्धक चालत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत ते स्पष्ट आहे. बारापर्यंतची सवलत वर्षातून फार तर १५ दिवस मिळते आणि त्यातले बरेच गणपती-नवरात्रातच जातात. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव एके काळी रात्रभर रंगायचा, आता त्यालाही घड्याळ पाळावं लागतं. मध्यरात्रीचे राग मैदानावरून असे हळूहळू गेले, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. तेव्हा दरबारी किंवा मालकंस असा मध्यरात्रीचा राग त्याच्या वेळेला ऐकायचा असेल तर बंदिस्त सभागृहच घ्या, किंवा माणसं मोजकी बोलवा आणि माइकच लावू नका. साठ-सत्तर जणांना एखाद्या वाड्याच्या दिवाणखान्यात माइकशिवाय उत्तम ऐकू जातं. माझ्या मते खयाल ऐकावा तर असाच.

हॉल बघायला जाताना गाणारं कुणीतरी सोबत न्या. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. तिचा आवाज रेंगाळत राहिला तर द्रुत ताना एकमेकींत मिसळून जाणार. मंगल कार्यालयांत हे हमखास होतं, कारण खाली गुळगुळीत फरशी, वर स्लॅब आणि चारी भिंती बिनपडद्याच्या. जाड सतरंज्या घाला, मागच्या भिंतीला पडदे सोडा. माणसं बसली की घुमणं आणखी कमी होतं, म्हणून रिकाम्या हॉलमध्ये साउंडवाल्याने लावलेला आवाज कार्यक्रम सुरू झाल्यावर पुन्हा तपासायला सांगा.

ज्या वाराला, ज्या वेळेला गाणं आहे, त्याच वेळेला तिथे जाऊन अर्धा तास गप्प बसा. शेजारच्या देवळातली आरती, खालच्या मजल्यावरचं स्वयंपाकघर, रस्त्यावरचे हॉर्न, सगळं तेव्हाच कळतं. पंखे लावून बघा. त्यांची घरघर तानपुऱ्यावर चढते. एसीचा झोत थेट बैठकीवर येत असेल तर जागा सरकवा, नाहीतर वाद्यांचे सूर सारखे उतरत-चढत राहतात. वाद्यं निदान तासभर आधी त्याच खोलीत आणून ठेवावीत.

आकाराच्या बाबतीत हट्टाने लहान हॉल घ्या. बालगंधर्व रंगमंदिरात हजाराच्या आसपास खुर्च्या आहेत; तिथे दीडशे रसिक विखरून बसले की गायकाला समोर रिकाम्या रांगाच दिसतात, आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आलेली दाद त्याच्यापर्यंत पोचत नाही. तेच दीडशे जण दोनशेच्या हॉलमध्ये बसवा, गाणं वेगळं होतं. गायकाला चेहरे दिसले पाहिजेत. त्यासाठी फूटभर उंचीची बैठक पुरे.

आपल्याकडे बैठकीला येणाऱ्यांत साठीच्या पुढचे बरेच असतात. लिफ्ट नसलेला दुसरा मजला म्हणजे त्यांना न बोलावल्यासारखंच. पुढे सतरंजी, मागे आणि कडेला खुर्च्या, स्वच्छतागृह त्याच मजल्यावर. पार्किंग नसलं तरी चालेल, पण रिक्षा दारापर्यंत यायला हवी.

चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त नसतात, त्यामुळे कार्यालयं मोकळी असतात आणि भाड्यात घासाघीस करता येते. मात्र छत पत्र्याचं असेल तर पावसात घेऊ नका. आलाप ऐकूच येणार नाही. दमट हवेत तबलाही उतरतो.

भाडं ठरवताना वेळेचं लेखी घ्या. मांडामांड, आवाजाची चाचणी आणि आवराआवर धरून कार्यक्रमापेक्षा तीन तास जास्त मागा, आणि दिवे बंद करणाऱ्या माणसाला स्वतः भेटून सांगा की शेवटची भैरवी संपेपर्यंत घंटा द्यायची नाही.