घर बदललंय? आधी कुत्र्याचा क्रेट लावा

नव्या घरात खोकी उघडण्याआधी कुत्र्याचा क्रेट, म्हणजे त्याचा झोपायचा जाळीचा पिंजरा, लावा, आणि त्यातली जुनी चादर एवढ्यात धुऊ नका. सगळीकडे रंगाचा नि फिनेलचा वास असताना त्याच्या ओळखीचा वास तेवढाच असतो. क्रेट मुख्य दाराशी नको. लिफ्टच्या प्रत्येक आवाजाला भुंकेल. सुरुवातीच्या रात्री तो तुमच्या झोपायच्या खोलीतच असू द्या, नंतर हवा तिकडे हळूहळू सरकवा.

जुन्या घरी रात्रभर आत झोपायचा, म्हणजे इथेही झोपेल असं धरू नका. क्रेटचं दार उघडं ठेवून जेवणाचं भांडं आत ठेवा. खाताना दार क्षणभर लावा, पुढच्या वेळी थोडं जास्त. आत ढकलायचं मात्र नाही.

थोडी कुरकुर चालते. रात्रीची असेल तर आधी शू करायला खाली नेऊन आणा. पण लाळ गळतेय, धापा टाकतोय, जाळी चावतोय, तर तो घाबरलाय: दार उघडा आणि सरावात एक पायरी मागे या. ‘रडू दे, होईल सवय’ असं सांगणारे शेजारी भेटतीलच. अशा वेळी त्यांचं ऐकू नका. तरीही घाबरणं थांबलं नाही, तर पशुवैद्यांना दाखवा.