दोन्हीकडे नंबर लागतोय, मग जायचं कुठे? खान्देशातल्या पोरांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

निकाल लागला, परसेंटाइल चांगले आले, आणि आता इंजिनिअरिंगला पुण्याचं सीओईपी पण मिळतंय आणि मुंबईचं व्हीजेटीआय पण, किंवा इकडे आयआयटीची खालची ब्रँच आणि तिकडे पुण्याला कॉम्प्युटर, असा पेच ज्यांच्या घरात आहे त्यांच्यासाठी लिहितोय. आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, "कोनतं मोठं शे भो?" मग मामा एक सांगतो, क्लासवाले सर दुसरं, शेजारच्यांचा पुण्यातला जावई तिसरंच, आणि ज्याला चार वर्षं तिथे काढायचीत तो कोपऱ्यात मोबाइल घेऊन गप्प बसलेला असतो.

माझं म्हणणं एवढंच की दोन्ही नावं मोठी आहेत हे एकदा मान्य झालं की मोठं कोणतं हा विषय तिथेच बंद करा. सीओईपी १८५४ चं, व्हीजेटीआय १८८७ चं, दोघांनी भरपूर इंजिनिअर घडवलेत, त्यातलं कोण वरचढ हे ठरवून तुमच्या पोराचं काही भलं होत नाही. बघायचं ते आपलं पोर कसं आहे आणि ते कुठे खुलेल.

म्हणून सुरुवात कॉलेजपासून नको, पोरापासून करा. एक संध्याकाळ फक्त घरच्यांनी बसा, नातेवाईक नकोत, आणि त्याला बोलू द्या. बारावीत कुणी मागे लागलेलं नसताना कोणता विषय उघडून बसायचास? वर्गात अडलं तर तिथेच हात वर करायचास की घरी येऊन मित्राला फोन? रोज कुणीतरी टेस्ट घेतली म्हणून अभ्यास झाला की स्वतःहून? याची उत्तरं खरी मिळाली पाहिजेत, चांगली नाही मिळाली तरी चालतील. कारण मोठ्या कॉलेजात क्लाससारखं रोज कुणी विचारत नाही, आणि ज्या पोराला विचारणारं कुणीतरी लागतं त्याच्यासाठी लहान बॅच आणि भेटणारे प्राध्यापक असलेली जागा जास्त चांगली, भले रँकिंगमध्ये ती चार नंबर खाली असो.

आता विषयाचं. आयआयटी मुंबई की पुण्यात आवडीची ब्रँच, यावर दरवर्षी घराघरात भांडणं होतात. मी सरळ सांगतो, ज्या ब्रँचचं दुसऱ्या वर्षाचं सिलॅबस वाचून पोराला जरा तरी उत्सुकता वाटत नाही तिथे फक्त नावासाठी पाठवू नका, आणि पुढे ब्रँच बदलून घेऊ या भरवशावर तर अजिबात नको, ती सोय काही आयआयटींनी बंदच केलीय आणि जिथे आहे तिथे पहिल्या वर्षाच्या मार्कांवर मोजक्याच पोरांना मिळते. पण उलटंही खरं आहे. पोराला कॉम्प्युटरची ओढ नाही, सगळे घेतात म्हणून तो घेतोय, आणि पवईच्या आयआयटीत मेटलर्जी मिळतंय ज्याचं सिलॅबस त्याला आवडलं, तर बिनधास्त पवईला पाठवा. दुसऱ्या वर्षाचं सिलॅबस दोन्ही वेबसाइटवर असतं, त्यातला एकेक विषय निवडा, त्याचं एनपीटीईएलवर, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन लेक्चरांच्या साइटवर, फुकट लेक्चर मिळतं ते पूर्ण बघा. तासाभरात जे कळतं ते महिनाभराच्या चर्चेत कळत नाही.

सायन्सची आवड आहे पण फिजिक्स की बायो हे अजून नक्की नाही, अशा पोरांसाठी पुण्याचं आयसर आहे, २००६ साली सुरू झालं, पाच वर्षांचा बीएस-एमएस, सुरुवातीला सगळे सायन्स शिकवतात आणि मग आपण ठरवायचं. याउलट ज्याला केमिस्ट्री कारखान्यात उतरलेली बघायचीय, रंग, प्लास्टिक, तेल, खाद्यपदार्थ, त्याच्यासाठी माटुंग्याची आयसीटी, म्हणजे जुनी यूडीसीटी. दोन्ही नामांकित, पण दोन्हीकडे जाणारं पोर एकसारखं नसतं. आणि केमिकलवाल्यांनी आपल्या जळगावच्या विद्यापीठातल्या यूआयसीटीचं नाव यादीतून न बघता कापू नका, जळगावात पाइप-चटईचा, प्लास्टिकचा धंदा पिढ्यांपासून आहे, घरी राहून शिकणाऱ्या पोराला ते हाताशी मिळतं.

आर्ट्सच्या पोरींचं कुणी लिहितच नाही म्हणून मुद्दाम लिहितो. सीयूईटी, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा, २०२२ पासून सुरू झाली आणि दिल्ली विद्यापीठ, बीएचयू (बनारस हिंदू विद्यापीठ) यांचे दरवाजे अमळनेर-शहाद्याच्या पोरींनाही एकाच परीक्षेवर उघडले. फर्ग्युसन की बीएचयू असा प्रश्न आला की घरचे म्हणतात पुणे जवळ. पुणे जवळ आहेच, मराठी बोलणारं वातावरण आहे, पहिल्यांदा घर सोडणाऱ्या पोरीला याचा मोठा आधार होतो आणि त्यात कमीपणा काही नाही. पण बनारसला जळगाव-भुसावळहून गाडी न बदलता जाता येतं, महानगरी आहे, आणि बीएचयूत मुलींसाठी स्वतंत्र महिला महाविद्यालय आहे, फी पण केंद्रीय विद्यापीठाची, म्हणजे कमी. पोरीला इतिहास, संस्कृत, राज्यशास्त्र खोलात जाऊन शिकायचंय आणि हिंदीत ती मोकळी आहे तर नुसतं लांब म्हणून नाही म्हणू नका.

अंतराबद्दल अजून एक, नंदुरबार-नवापूरवाल्यांनी नीट वाचा. सुरत जवळ, उधना-लिंबायतला निम्मं गणगोत, त्यामुळे तिथलं एनआयटी, म्हणजे केंद्राचं इंजिनिअरिंग कॉलेज, घरचंच वाटतं. पण एनआयटीत निम्म्या जागा होम स्टेटच्या असतात आणि होम स्टेट ठरतं बारावी कुठून पास झालात त्यावर. महाराष्ट्रातून बारावी केली तर आपलं होम स्टेट नागपूरच्या व्हीएनआयटीला, सुरतला आपण बाहेरचे. आणि बारावी कोटा शहरातल्या शाळेतून दिली असेल तर होम स्टेट राजस्थान झालं. हे आधी कळलं तर उगाच आशा लावून बसत नाही माणूस. सीईटीच्या कॅपमध्येही, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतही, असंच, बऱ्याच कॉलेजांत ७० टक्के जागा त्या विद्यापीठ क्षेत्राच्या पोरांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना, आपण बहिणाबाई चौधरी विद्यापीठाचे म्हणून पुण्याच्या कॉलेजांत आपण त्या ३० मध्ये. कटऑफच्या पीडीएफमध्ये कोडच्या शेवटी एच, ओ किंवा एस असतं, एच म्हणजे होम, ओ म्हणजे बाहेरचा, एस म्हणजे राज्यपातळी. आपल्याला ओ आणि एस बघायचेत, खूप जण एच बघून खूश होतात आणि मग पहिल्या राउंडला रडतात.

पैशाचं फी बघून ठरवू नका, महिन्याचा खर्च काढून ठरवा. आयआयटीची बीटेकची ट्यूशन फी वर्षाला २ लाख दिसते म्हणून शेतकरी बाप तिथेच थांबतो, पण घरचं उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तर ती पूर्ण माफ, १ ते ५ लाख असेल तर दोन तृतीयांश माफ, एससी-एसटीला पूर्ण माफ. राज्यातल्या कॉलेजांत २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, कॅपमधून प्रवेश घेतल्यावर व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी पूर्ण माफ आहे. पण खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यात येत नाहीत, आणि चकचकीत जाहिराती नेमक्या त्यांच्याच जास्त. हॉस्टेलचं तर लेखी विचारा, मिळेलच का, किती वर्षं. माटुंग्यात बाहेर खोली घ्यायची वेळ आली तर ती कधीकधी फीपेक्षा जड जाते.

प्लेसमेंटच्या आकड्यांत सगळ्यात मोठं पॅकेज बघूच नका, ते एका पोराचं असतं. मीडियन, म्हणजे बरोबर मधल्या पोराचं पॅकेज, बघा, आपल्या ब्रँचचं बघा. एनआयआरएफसाठी, म्हणजे केंद्राच्या रँकिंगसाठी, कॉलेजं जी माहिती भरतात ती त्यांच्याच वेबसाइटवर टाकलेली असते, त्यात मीडियन पगार असतो, किती पोरं वेळेत पास झाली ते असतं, किती पुढे शिकायला गेली तेही असतं. वेळेत किती पास झाली हा आकडा कुणी वाचत नाही, मला तर तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण मागे पडलेल्या पोराला कॉलेज सांभाळून घेतं का हे त्यातून थोडंफार दिसतं.

आणि जाऊन या. सुट्टीत नको, कॉलेज चालू असताना. महाराष्ट्र एक्सप्रेसने पुणे गाठा, मेसमध्ये जेवा, रात्री लायब्ररीत किती पोरं बसलीत ते बघा. दुसऱ्या वर्षाच्या अशा एखाद्या पोराला शोधा जो मराठी मीडियममधून, तालुक्याच्या गावातून आलाय, आणि त्याला विचारा की पहिल्या सेमिस्टरला इंग्रजीचं काय केलंस, कुणाकडे गेलास, रूममेट कसे होते, घरची आठवण आली तेव्हा कोण होतं सोबत. टॉपरला विचारून उपयोग नाही, तो कुठेही टिकला असता. आपल्या पोराला परत येताना गाडीत काही विचारू नका, तो स्वतःहून ज्या कॉलेजबद्दल बोलत राहील ते लक्षात ठेवा.

मग फॉर्म. क्रम मनातल्या इच्छेने लावा, मिळेल का या भीतीने नाही. कॅप असो की जोसा, म्हणजे आयआयटी-एनआयटीची प्रवेश प्रक्रिया, वाटप मेरिटने होतं, वर अवघड कॉलेज टाकल्याने खालचं हातातून जात नाही. फक्त कॅपमध्ये पहिल्या राउंडला पहिला पर्याय मिळाला की सीट आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की, होते, २०२५ पासून पुढच्या राउंडांना वरच्या काही पर्यायांवरही, म्हणून वरच्या नंबरांना तेच टाका जिथे खरंच जायचंय. जोसामध्ये फ्लोट म्हणजे वरचं कोणतंही कॉलेज मिळालं तर चालेल, स्लाइड म्हणजे कॉलेज हेच पण वरची ब्रँच, आणि फ्रीझ म्हणजे झालं, हेच पक्कं. ज्याला कॉलेज पटलंय पण ब्रँच नाही त्याने स्लाइड, घाईत फ्लोट दाबून आवडलेलं कॉलेज घालवू नये.

कागदपत्रांसाठी मात्र निकालाची वाट बघू नका. जोसाला ओबीसी नॉन-क्रीमी लेयर केंद्राच्या नमुन्यात लागतं आणि त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेलं, राज्याचं चालत नाही. एसईबीसी हे राज्याचं आरक्षण, ते तिथे नाहीच, निकषात बसत असाल तर ईडब्ल्यूएस काढून ठेवा. जात पडताळणीला तर अकरावीतच अर्ज टाका, शाळा सोडल्याचे आजोबा-पणजोबांचे दाखले गोळा करण्यातच महिने जातात, आणि त्या एका कागदावाचून हातातली सीट गेलेली पोरं आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत.